ॲप येऊ द्या, खिडकी बंद नको



तंजावरजवळच्या तिरुवैयारुला रेल्वे स्टेशन नाही. दरवर्षी संत त्यागराजांच्या आराधनेला तिथे हजारो लोक जमतात. परतीच्या गाडीसाठी त्यांना सुमारे १३ किलोमीटरवरचे तंजावर गाठावे लागते. अशा प्रवाशाला मोबाइलवर जनरल तिकीट मिळाले तर ती सोयच आहे. आपला विरोध सोयीला नाही.

१ जुलै २०२५ रोजी ‘रेलवन’ ॲप सुरू झाले. ते बनवले रेल्वेच्याच ‘क्रिस’ने. टपाल खात्याची २०२५ मध्ये देशभर लागू झालेली नवी संगणक प्रणालीही खात्याच्याच म्हैसूरच्या तंत्रज्ञान केंद्राची. सरकारी माणसाला हे जमत नाही, ही ओरड खोटी आहे.

‘फ्लटर’, ‘रिॲक्ट नेटिव्ह’ अशा साधनांमुळे एकदाच लिहिलेला प्रोग्रॅम अँड्रॉइड व आयफोन, दोन्हींवर चालतो. काही भाग तर आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते. त्यामुळे बदल झपाट्याने येतात. पण पैसे कापले गेले आणि तिकीट आले नाही, तर प्रवासी प्रोग्रॅमरकडे जात नाही. तो बुकिंग क्लार्कवर चिडतो. पोस्टाच्या काउंटरवरही तीच गत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. ॲपमधला मोठा बदल लागू करण्याआधी काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांचे मत घ्या. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत द्या. ॲपच्या नावाखाली मंजूर पदे सरेंडर करू नका. आणि ज्याच्या खिशात साधा फोन आहे, त्या गरीब प्रवाशासाठी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे!