काटा, चमचा आणि आपली भाकरी



जिल्ह्याच्या उत्तर भागातून एका ताईंचे पत्र आले आहे. थोरली लेक शिकून पुण्याला कंपनीत लागली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी नव्या मुलामुलींना मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. प्रत्येकासमोर ताट, आणि ताटाच्या दोन्ही अंगांना काटे, सुऱ्या, चमचे ओळीने मांडलेले. पोरीने इकडे तिकडे पाहिले आणि ‘मला भूक नाही’ म्हणाली. खोलीवर आल्यावर आईने दिलेला चिवडा खाऊन झोपली. ताई विचारतात, ‘आमच्या घरात असले कधी नव्हते, यात आमचे चुकले का? आणि आता तिला हे शिकवायचे कोणी?’

ताई, तुमचे काही चुकलेले नाही. शिकवायचे मात्र आहे, आणि ते अर्ध्या तासाचे काम आहे. ते आधी उरकून टाकू.

ताटाच्या डावीकडे काटे असतात, उजवीकडे सुऱ्या आणि सुपाचा चमचा. किती का असेनात, घाबरायचे नाही. सगळ्यात बाहेरचे आधी उचलायचे आणि पुढचा पदार्थ आला की एकेक आत सरकायचे. काटा डाव्या हातात, दाते खाली. सुरी उजव्या हातात. तिची मूठ तळहातात आणि अंगठ्याजवळचे बोट तिच्या पाठीवर. पेन धरतो तशी सुरी धरायची नाही. काट्याने पदार्थ दाबून धरायचा, सुरीने एका घासापुरताच तुकडा कापायचा आणि खायचा. सगळे ताट आधी कापून ठेवायचे नाही, सुरी तोंडात घालायची नाही. सूप पिताना चमचा आपल्यापासून दूर ढकलत भरायचा आणि कडेने प्यायचे, आवाज न करता. पाव मात्र सुरीने कापत नाहीत, हातानेच मोडतात. एवढ्या सगळ्या थाटात तेवढे एक आपल्या भाकरीसारखे. मधे थांबायचे असेल तर काटा आणि सुरी ताटात तिरपी, एकमेकींकडे तोंड करून ठेवायची. जेवण झाले की दोन्ही शेजारी शेजारी, जोडीने. वाढणारा माणूस त्यावरूनच ओळखतो की ताट उचलायचे की नाही. नान, रोटी आली तर सरळ हाताने खावी, कोणत्याही हॉटेलात ते चालते. आणि काहीच उमगले नाही तर समोरचा काय करतो ते पाहावे. निम्मे टेबल तेच करत असते.

हे सगळे आमच्यापेक्षा चांगले कोणाला येत असेल तर ते शिर्डीच्या हॉटेलांत राबणाऱ्या मुलांना. जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांतली मुले तिथे टेबले मांडतात. कोणता काटा कुठे, कोणता ग्लास कशाचा, त्यांना तोंडपाठ असते. तुमच्या नात्यात, शेजारात असा कोणी मुलगा असेल तर त्यालाच एका रविवारी गुरुजी करा. घरात चार काटे-सुऱ्या नसतील तर भांड्यांच्या दुकानातून आणा, त्यात फार पैसे जात नाहीत. उकडलेला बटाटा किंवा ऑम्लेट घेऊन सगळ्या घराने बसावे. आईबापांनीही. पहिल्या दिवशी बटाटा ताटाबाहेर पळेल, हसू येईल, येऊ द्यावे.

ही झाली रीत. पण त्या मुलीला काट्याची भीती वाटली असे आम्हाला वाटत नाही. काट्याला कोण भिते? सगळे आपल्या हाताकडे पाहत आहेत, याची ती भीती होती. आणि ती एका संध्याकाळीत तयार झालेली नाही.

आपल्या जेवणाकडे पाहणारे डोळे फार जुने आहेत. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आपले आत्मकथन लिहिले आणि त्याला ‘बलुतं’ हे नाव दिले. कष्ट करायचे आणि गाव देईल ते घ्यायचे, त्या घेण्याचेच ते नाव. नगर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. येसकराने दारोदार हाक द्यायची आणि फडक्यात पडेल ती भाकरी आणायची. गावातल्या लग्नात पंगती उठेपर्यंत लांब बसायचे. चहाच्या दुकानात वेगळी ठेवलेली कपबशी आपणच उचलायची, आपणच विसळून ठेवायची. तिथे भाकरी कशी धरावी हे कोणी विचारत नव्हते. कोठे बसावे आणि कशात खावे, एवढेच ठरलेले होते, आणि ते दुसऱ्याने ठरवलेले होते.

म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा असे सांगितले, तेव्हा ते नुसते स्वच्छतेचे सांगणे नव्हते. घरोघरच्या आजी-पणजींनी ते मनावर घेतले. चूल थंड राहिली तरी फडके पसरले नाही. याची किंमत त्यांनी मोजली. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दोन घटना नोंदवल्या आहेत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले. पंगतीत तूप वाढले होते, एवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन आले आणि माणसे भरल्या ताटावरून उठून पळाली. गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात नोव्हेंबर १९३५ मध्ये आपल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. आज वस्तीतल्या कोणत्याही घरात शिरा, समोरच्या फळीवर स्टीलची ताटे, तांबे, डबे घासून-पुसून ओळीने लावलेले दिसतील. पाहुणा हसतो, एवढी भांडी कशाला म्हणतो. त्याला ठाऊक नसते.

बाबासाहेबांचीच गोष्ट घ्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला घरून आणलेले तरटाचे आसन. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तसेच घरी. हाच मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१६ मध्ये लंडनला. तिथे बॅरिस्टर होण्यासाठी त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. आता या इनची एक गंमत आहे, ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा पुरत नसे. इनच्या मोठ्या भोजनगृहात ठरलेली जेवणे जेवावी लागत. जेवणे भरली नाहीत तर सत्र भरले नाही, आणि सत्रे भरली नाहीत तर सनद नाही! गांधीजीही असेच दुसऱ्या एका इनमध्ये जेवून बॅरिस्टर झाले होते, आणि या जेवणांनी वकिली कशी येते हे आपल्याला कळले नाही, अशा अर्थाचे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांना ती गंमत वाटली. आम्हाला मात्र ते लांबलचक टेबल डोळ्यांसमोर येते. ज्या मुलाला शाळेच्या नळाला शिवू दिले नाही, त्याने इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवलेच पाहिजे, असा तिथे कायदाच होता.

त्या टेबलावर काटा-सुरी होतीच. बाबासाहेबांनी ती पाहून, विचारून शिकली असणार, जसे कोणीही शिकतो. अमेरिकेत बहुतेक लोक डाव्या हातात काटा धरून तुकडा कापतात, मग सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. इंग्रज काटा डाव्याच हातात ठेवतो. म्हणजे न्यूयॉर्कची रीत लंडनला बदलावी लागली असेल. खोलीवर मात्र काटा-सुरी चालवावी असे फारसे काही नसायचे. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की लंडनच्या त्या दिवसांत रात्री भूक लागली की ते भाजलेल्या पापडांवर भागवत.

परदेशात घालवलेल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला खोली मिळेना. पारशांच्या विश्रामगृहात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथे सहकाऱ्यांपैकी काहींनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हरकत घेतली. काटा-सुरी उत्तम येत होती, म्हणून कोणी पाणी दिले नाही. आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण साहेबी रीत आली की माणूस म्हणून मान आपोआप मिळतो, असे काही तरुणांना वाटते. तसे असते तर बडोद्याला तो प्रसंग घडलाच नसता. रीत शिकावी ती भरल्या ताटावरून उपाशी उठायची वेळ येऊ नये म्हणून.

आणि हाताने जेवणे ही काही मागासलेपणाची खूण नाही. इंग्लंडात काटा फार उशिरा आला. थॉमस कोरियट नावाच्या प्रवाशाने इटलीत काटा पाहिला, १६११ च्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आणि घरी स्वतः वापरू लागला, तर त्याची थट्टा झाली. त्याआधी तिथले बडे बडे लोक बोटांनीच जेवत होते. आपल्या बौद्ध देशांकडे पाहा. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशात धम्माच्या कामासाठी गेले होते. तिथे परंपरेने भात हातानेच जेवतात. थायलंडमध्ये चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात असतो, पण काटा तोंडात घालत नाहीत, भात चमच्यात लोटायला वापरतात. जपानमध्ये दोन काड्या.

विनयपिटकात भिक्खूंसाठी सेखिय म्हणून ७५ नियम आहेत. त्यातले ३० जेवणाविषयी आहेत आणि ते हाताने जेवणाऱ्यांसाठीच आहेत. घास फार मोठा करू नये. घास तोंडाशी येण्याआधी तोंड उघडू नये. तोंडात घास असताना बोलू नये. शिते सांडू नयेत. हात झटकू नये, चाटू नये. चपुचपु आवाज करू नये, सुरुसुरु आवाज करू नये (जपानी लोक शेवया ओढताना खुशाल आवाज करतात, त्यांचे काय ते त्यांनी पाहावे). खरकट्या हाताने पाण्याचे भांडे घेऊ नये. जास्त मिळावे म्हणून कालवण भाताखाली लपवू नये, असाही एक आहे! म्हणजे तेव्हाही कोणीतरी लपवत असणार. हे नियम भिक्खूंचे आहेत, आपल्यावर बंधन नाही, आणि कर्जत-जामखेडकडची शिपी आमटी समोर असताना बोटे न चाटणे कोणाला जमेल असे आम्हाला वाटतही नाही. तरी घरात मुलांना सांगायला यातले निम्मे पुरेत. विहारात १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला भोजनदान असते, तिथे ताटात किती टाकले जाते ते आपण पाहतोच.

या ३० नियमांत एक वेगळा आहे. दोष काढण्याच्या नजरेने दुसऱ्याच्या पात्रात पाहू नये. त्यावरून आता थोडे कडू बोलतो. आपल्यातली काही मंडळी नोकरीमुळे शहरात गेली, फ्लॅट झाला, डायनिंग टेबल आले. चांगले झाले. पण गावाकडून बाप आला, बाजरीची भाकरी रश्शात कुस्करून, पाचही बोटे भरवून जेवू लागला की सुनेच्या, नातवंडांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलाचे साहेब घरी येणार असतील तर ‘दादा, तुम्ही आत स्वयंपाकघरात बसा’ असे सांगितले जाते. अशी घरे आम्ही पाहिली आहेत, एक नाही. त्या बापाने तरुणपणी वेगळी कपबशी उचलली असेल. आता त्याच्याच घरात त्याचे ताट वेगळे लावायचे? साहेबाला काय वाटेल ते वाटो. बापाला टेबलावर बसवा, हाताने जेवू द्या, आणि साहेबालाही भाकरी वाढा. पाहुणा खरोखर रीत जाणणारा असेल तर तोही हाताने मोडून खाईल.

पुण्याच्या त्या मुलीने हे ध्यानात ठेवावे आणि पुढच्या वेळी पोटभर जेवावे.

जागा उरली आहे, म्हणून पाथर्डी भागातून आलेल्या दुसऱ्या पत्राला थोडक्यात उत्तर देतो. सहा वर्षांचा नातू डाव्या हाताने जेवतो, आजोबा हातावर फटका मारतात, काय करावे, असे विचारले आहे. फटका मारू नये. काही मुले जन्मतःच डावखुरी असतात, मारून हात बदलत नाही, मूल जेवायला मात्र घाबरू लागते. आजोबांना सांगा की ज्या साहेबाची रीत शिकायला आम्ही वर अर्धे पान खर्च केले, तो साहेब जन्मभर डाव्याच हाताने घास तोंडात घालतो. नातवाला ज्या हाताने जमेल त्या हाताने जेवू द्या. हात धुवायला मात्र दोन्ही लावा.