गाडीत नेव्हिगेशन स्क्रीन बसवावी का?

सुट्टीत गाडीने गावी जायचा बेत ठरला की अॅक्सेसरीजच्या दुकानातली मोठी, चकचकीत स्क्रीन हमखास खुणावते. पण पैसे मोजण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : हातातल्या फोनला जमत नाही असं ही स्क्रीन काय करणार आहे?

रस्ता दाखवण्याचं काम फोन चांगलं करतो. घाटात नेटवर्क गेलं तरी जीपीएस सुरू राहतं, कारण ते उपग्रहांवर चालतं. फक्त नकाशा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा. लांबचा प्रवास वर्षातून दोन-तीनदाच होत असेल, तर मजबूत होल्डर आणि कार चार्जर पुरेसा आहे.

रोज गाडी चालवत असाल, उन्हात फोन तापत असेल किंवा रिव्हर्स कॅमेराही हवा असेल, तर मात्र स्क्रीन उपयोगी पडते. अँड्रॉइड ऑटो आणि अॅपल कारप्ले असलेलीच घ्या. नकाशा तुमच्या फोनमधून येतो, त्यामुळे तो जुना होत नाही.

दुकानात हे नक्की तपासा :

● भर उन्हात स्क्रीन नीट दिसते का?

● तुमच्या गाडीला बसणारा कपलर मिळतो का? वायर कापून जोडणी केली तर गाडीची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

● पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळतंय ना?

आणि हो, पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वीच टाका. स्क्रीन कितीही मोठी असली तरी नजर रस्त्यावरच हवी.