ब्रह्मदेशची तूर, लष्कराची लेव्ही

मोंढ्यात तुरीचा भाव पडला की आडत्याच्या ओट्यावर उत्तर तयार असते : "बर्माचा माल लागला." बर्माचा माल म्हणजे तिथली लेमन तूर. ती कोण पिकवतो, त्याच्या हातात काय पडते, त्याच्या उरावर कोण बसले आहे, हे विचारण्याची सवड पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नसते. पण आपल्या पऱ्हाटीतल्या तुरीच्या ओळीचा भाव ठरतो त्यात ब्रह्मदेशच्या राजकारणाचाही हात आहे. म्हणून या अंकात ब्रह्मदेश. (१९८९ साली तिथल्या लष्कराने देशाचे नाव म्यानमार केले. आपल्या तोंडी बसलेले नाव आपण ठेवू.)

ब्रह्मदेश म्हटले की टिळकांचे मंडाले आठवते आणि डोळ्यांपुढे पाण्यातली भातखाचरे येतात. भात आहे, पण तो मुख्यतः दक्षिणेला, इरावतीच्या मुखाकडे. मंडाले, मग्वे, सगाईंग हा मधला पट्टा कोरडा. अराकानचा डोंगर मोसमी वारे अडवतो आणि पलीकडे उरलेसुरले पडते, तेही लहरीने. सह्याद्रीच्या पूर्वेला आपली जी गत, तीच त्यांची. पिकेही ओळखीची : तीळ, भुईमूग, कापूस, ज्वारी, आणि त्यांच्यात आंतरपीक म्हणून तूर. फरक एवढाच की तूर तिथे घरी फारशी कोणी खात नाही. ती पेरायची भारतासाठी. भारताने घेतली तर पैसा, नाही घेतली तर सरपण.

तिथल्या लष्करी राजवटीबद्दल वर्तमानपत्रांत येते ते जनरलांचे, आँग सान सू ची यांच्या कैदेचे आणि १९९१ च्या नोबेल पुरस्काराचे. ते खरेच आहे. पण खळ्यावरून पाहिले तर ही राजवट वेगळी दिसते. खळ्यावरून ती दिसते लेव्हीसारखी.

ही लेव्ही लष्कराने शोधून काढलेली नाही. इंग्रजांच्या अमलात हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार मुलूख होता. दुसऱ्या महायुद्धाआधी वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर जाई. १९३० साली जागतिक मंदीत भाव कोसळला आणि खालच्या ब्रह्मदेशातल्या भातजमिनीपैकी सुमारे पाव हिस्सा पुढच्या सात-आठ वर्षांत चेट्टियार सावकारांकडे गेला. हे सावकार आपल्याच देशातले, तामिळ मुलखातले. त्याच मंदीत साया सान या वैदूच्या मागे हजारो शेतकरी उठले. इंग्रजांनी उठाव मोडला आणि १९३१ साली त्याला फाशी दिले.

१९४८ साली स्वातंत्र्य आले. नव्या सरकारने सावकाराच्या जागी सरकारी पणन मंडळ बसवले. मंडळ ठरवील त्या भावाने भात घ्यायचा, परदेशात चढ्या भावाने विकायचा, मधला पैसा तिजोरीत. कोरियाच्या युद्धाच्या काळात जगात तांदूळ कडाडला, शेतकऱ्याचा भाव जागचा हलला नाही. आपण ज्याला उणे सबसिडी म्हणतो तिचा याहून स्वच्छ नमुना सापडायचा नाही. आणि हे करणारे सरकार निवडून आलेले, सज्जन माणसांचे होते, हेही लक्षात ठेवावे.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन याने सत्ता घेतली. 'समाजवादाचा ब्रह्मी मार्ग' असे नाव देऊन त्याने गिरण्या, दुकाने, ठोक व्यापार सगळे सरकारजमा केले. सुमारे ३ लाख भारतीय वंशाचे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. जमीन सरकारच्या मालकीची, शेतकरी फक्त कसणारा. काय पेरायचे ते सरकार सांगणार, किती द्यायचे तेही सरकार सांगणार. कोटा पुरा झाला नाही तर जमीन काढून घेणार. ज्यांनी ज्वारीची लेव्ही आणि कापसाची एकाधिकार खरेदी पाहिली आहे त्यांनी त्याच्या जोडीला बंदूक कल्पून पाहावी. परिणाम व्हायचा तोच झाला. १९८८ येईपर्यंत तांदळाची निर्यात नावापुरती उरली, आणि त्याआधी डिसेंबर १९८७ मध्ये एकेकाळचे तांदळाचे कोठार जगातल्या सर्वांत मागास देशांच्या यादीत गेले.

सप्टेंबर १९८७ मध्ये तर कमाल झाली. धान्याचा व्यापार खुला केल्याची घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात, ५ तारखेला, २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा रद्द. आपल्याला २०१६ चा नोव्हेंबर आठवेल, पण आपल्याला निदान बँकेपुढे रांग तरी लावता आली. तिथे बदलून मिळण्याची सोयच नव्हती. नव्या नोटा आल्या ४५ आणि ९० च्या, कारण जनरलसाहेबांचा नऊ आकड्यावर विश्वास! पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला देश रस्त्यावर उतरला. लष्कराने गोळ्या घातल्या. सुमारे ३ हजार माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. १८ सप्टेंबर १९८८ ला नव्या जनरलांनी सत्ता हाती घेतली. १९९० साली निवडणूक झाली, सू ची यांच्या पक्षाला पाचांतल्या चार जागा मिळाल्या. लष्कराने निकालच मानला नाही.

आता आपल्या तुरीशी संबंध येतो तो इथे. १९८८ नंतर लष्कराच्या तिजोरीत खडखडाट होता. परकी चलन हवे होते. तेव्हा त्यांनी कडधान्यांचा व्यापार खुला केला. भाताला सोडले नाही, कारण शिपायांना आणि सरकारी नोकरांना स्वस्त तांदूळ द्यायचा होता. भाताची सक्तीची खरेदी पुढे २००३ पर्यंत चालली. कापूसही सरकारी गिरण्यांसाठी पकडून ठेवला. कडधान्य सुटले, कारण बराकीत त्याची कोणाला गरज नव्हती. आणि काय झाले? शेतकऱ्याने भातानंतरच्या ओलीवर उडीद टाकला, कोरड्या पट्ट्यात तूर वाढवली, आणि काही वर्षांत ब्रह्मदेश आशियातला कडधान्यांचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला. मी कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा उत्पादनवाढीची कारणे पाठ करून घेत : बियाणे, खत, पाणी, विस्तारसेवा. ब्रह्मदेशच्या कडधान्याला यातले काही फारसे मिळाले नाही. सरकारचा हात त्या एका पिकावरून निघाला, एवढेच.

शेजाऱ्यांचे काय? शेजारी पाहतात ते आपापले सामान. चीनला बंगालच्या उपसागरातून युन्नानपर्यंत नळ हवे होते. वायूचा २०१३ साली आणि तेलाचा २०१७ साली सुरू झाला. थायलंडला समुद्रातला वायू हवा. भारताला ईशान्येतल्या बंडखोरांचा बंदोबस्त आणि मिझोरामकडे जाणारा कलादानचा रस्ता हवा. १९८८ साली दिल्लीने लोकशाहीवाद्यांची बाजू उघडपणे घेतली होती. सू ची यांना १९९३ चा नेहरू पुरस्कार दिला. जानेवारी १९९४ मध्ये त्यांना कैदेत ठेवणाऱ्या लष्कराशी सीमाव्यापाराचा करारही केला. एका हाताने हार, दुसऱ्या हाताने हस्तांदोलन.

२०११ नंतर लष्कराने गाठ थोडी सैल केली. लोक बोलू लागले. पूर्वी लष्कराने आणि मर्जीतल्या कंपन्यांनी बळकावलेल्या जमिनीत शेतकरी नांगर घेऊन घुसले आणि नांगरट केली म्हणून तुरुंगात गेले. सगाईंगमध्ये लेपाडाऊंगच्या तांब्याच्या खाणीसाठी जमिनी गेल्या. खाण चिनी कंपनी आणि लष्कराची कंपनी यांच्या भागीदारीची. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोलिसांनी तिथे धरणे धरणाऱ्या भिक्षूंवर आणि गावकऱ्यांवर फॉस्फरस फेकला, माणसे भाजली. चौकशी समितीच्या अध्यक्ष सू ची. समितीने सांगितले, खाण चालू ठेवावी, नाहीतर परदेशी गुंतवणूकदार बिचकतील. त्या गावात गेल्या तेव्हा बायाबापड्यांनी त्यांना तोंडावर सुनावले. २०१५ ची निवडणूक जिंकून २०१६ साली त्यांचे सरकार आले, तरी जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे आली नाही. ऑगस्ट २०१७ पासून ७ लाखांवर रोहिंग्यांना लष्कराने बांगलादेशात पिटाळले आणि त्या लष्कराच्या बचावाला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयातही उभ्या राहिल्या. तुरुंगवासाबद्दल त्यांचा आदर ठेवावा, आणि हेही सांगावे.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आता २०१७ साल आठवा. २०१५ मध्ये शहरात तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली म्हणून सगळ्यांनी तूर पेरली. २०१६-१७ मध्ये देशाचे पीक जवळपास दुप्पट झाले. ५०५० रुपये हमीभाव कागदावर, खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, ट्रॅक्टरच्या रांगा गावाबाहेरपर्यंत. आपला माल मातीमोल गेल्यावर, ५ ऑगस्टला, दिल्लीने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याला उपयोग नाही. तिकडे मात्र कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला, कारण त्याला दुसरे गिऱ्हाईकच नाही. त्या वेळी ब्रह्मदेशात निवडून आलेले सरकार होते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी जनरल मिन आँग ह्लाइंग याने ते सरकार उलथले, सू चींना पुन्हा कैद केले. मे महिन्यात दिल्लीने तुरीची आयात मोकळी केली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ब्रह्मदेशच्या लष्कराला शस्त्रे जाऊ नयेत असा ठराव ११९ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. त्याच जून महिन्यात भारताने त्या राजवटीशी समझोता केला : २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षे, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर. लोकशाही होती तेव्हा कोटा. रणगाडे आले तेव्हा पाच वर्षांची हमी. दिल्लीचे लष्करावर प्रेम आहे म्हणून हे झाले असे मी म्हणत नाही. दिल्लीला दोन्ही वेळा ब्रह्मदेश दिसलाच नाही. दिसला तो शहरातला डाळीचा भाव.

या हमीतून तिथल्या शेतकऱ्याला काय मिळाले ते पाहा. एप्रिल २०२२ मध्ये लष्कराने हुकूम काढला की बाहेरून आलेले परकी चलन सरकारी दराने क्याटमध्ये बदलावे. सरकारी दर ऑगस्ट २०२२ पासून डॉलरला २१०० क्याट. पुढे बाजाराचा दर त्याच्या दुपटीवर गेला. हुकूम नंतर सैल झाला, तरी निर्यातदाराच्या डॉलरांचा मोठा वाटा सरकारी दरानेच जात राहिला. तो आपली तूट कशाला सोसेल? त्याने ती खरेदीच्या भावात कापली. डिझेल आणि खत मात्र शेतकऱ्याला बाजाराच्या दराने. म्हणजे तुरीवरची लेव्ही परत आली, फक्त खळ्यावरून उठून बँकेत जाऊन बसली.

आणि हे त्याच पट्ट्यात, जिथे २०२१ पासून लढाई पेटली. सगाईंग आणि मग्वेमधल्या पोरांनी शिकारीच्या बंदुका घेऊन उठाव केला, लष्कराने गावेच्या गावे जाळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती लागू झाली, तरुण थायलंडकडे पळाले, शेतात काढणीला माणूस मिळेना. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात सगाईंग-मंडाले हादरले, ३ हजारांवर माणसे गेली. भारताने मदत पाठवली, ते बरे केले. पण मिझोरामच्या लोकांनी २०२१ पासून पळून आलेल्या चिन लोकांना केंद्राच्या सूचनेविरुद्ध घरांत घेतले, ते मला त्याहून मोठे वाटते.

आपल्या बैठकांत मागणी येते : बर्माची तूर बंद करा. भावना समजते. पण तूर आत घेणारी आणि अडवणारी लेखणी एकच आहे, आणि आपल्या डाळीची निर्यात २००६ पासून २०१७ पर्यंत तिनेच बंद ठेवली होती. जून २०२३ मध्ये तूर-उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली तीही तिनेच. तिच्या हाती आणखी शाई कशाला द्यायची?

तूर हे सहा-सात महिन्यांचे पीक. अधिसूचना एका रात्रीत निघते. जूनमध्ये पेरताना जे धोरण असेल ते निदान माल विकला जाईपर्यंत टिकावे, एवढी मागणी तर दोन्ही देशांतल्या शेतकऱ्याची एकच आहे. जिल्हा मेळाव्यात मांडायच्या ठरावात म्हणून तीन गोष्टी ठेवल्या आहेत : आयात-निर्यातीचे नियम पेरणीआधी जाहीर करून हंगामभर बदलू नयेत, आपल्या डाळीची निर्यात पुन्हा बंद होऊ नये, आणि तुरीचा व्यापार व्यापाऱ्यांनी करावा, बंदुकीच्या जोरावर बसलेल्या कोणत्याही राजवटीला सरकारने ठरावीक टनांची हमी देऊ नये. तिसऱ्या कलमावर मतभेद होतील असे दिसते. तालुक्यांनी आपल्या दुरुस्त्या लेखी घेऊन याव्यात.