सेवाभाव पोरींनीच का दाखवायचा?

‘आमच्या गावात तरुणांचं काम जोरात आहे’ असं कुणी सांगितलं की मी विचारते, तरुण म्हणजे कोण? मग मंडळाचा फलक दाखवला जातो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार. वीस-बावीस नावं, सगळी मुलग्यांची. गणपती, शिवजयंती, क्रिकेटचे सामने. वर्गणी गोळा होते, पावतीपुस्तक असतं, हिशोब (कधीकधी) वाचून दाखवतात. हे सगळं समाजकार्य. आणि त्याच गावात संध्याकाळी तीस पोरं गोळा करून त्यांचा अभ्यास घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी? ‘ती होय? ती बसते पोरं घेऊन.’

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर काम करते. ऐंशी-शंभर उंबऱ्यांच्या या वस्त्या. दसरा झाला की टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी मुलं. सरकारचं हंगामी वसतिगृह म्हणजे पुष्कळ ठिकाणी दोन वेळचं जेवण. झोपायला मूल आजीकडेच. आईबाप सहा महिने नसताना दहावीतल्या पोरीकडे कोण बघणार? घरचं उत्तर ठरलेलं आहे: लग्न करून टाका. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ही राज्याची सरासरी. आमच्या वस्त्यांवर सरासरीचा हिशोब लावायची गरज पडत नाही, वर्गातल्या रिकाम्या जागा मोजल्या की पुरतं.

अशा ठिकाणी तरुण मुलामुलींना आधार द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? बाहेरून येणाऱ्यांची एक पद्धत ठरलेली आहे. गाडी येते, सतरंजी अंथरली जाते, व्यक्तिमत्त्व विकासावर भाषण होतं, मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगितलं जातं, फोटो निघतो. कॉलेजची शिबिरंही येतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, तिच्यातून चांगले कार्यकर्ते घडले हे मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण हिशोब बघा. शहरातल्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास सेवा केली आणि सात दिवसांचं शिबिर केलं की त्याला प्रमाणपत्र मिळतं. वस्तीवरची ही मुलगी रोज दोन तास वर्ग घेते. तिचे २४० तास चार महिन्यांत पुरे होतात. ते कुणीही मोजत नाही.

न मोजण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. बाईनं मुलं सांभाळली तर त्यात काय विशेष! ही मुलगी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. सकाळी पाणी भरते, भाकऱ्या थापते, तोडीवर गेलेल्या भावाची दोन लेकरं सांभाळते, म्हाताऱ्या आजीला बघते. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. त्या २८९ मिनिटांवर तिचे हे दोन तास चढवलेले असतात. शेजारणींच्या लेखी तेही घरकामच.

माझं म्हणणं सरळ आहे. जी आधीच फुकट राबते, तिच्याकडे आणखी फुकट सेवा मागायची नाही. वस्तीवर काम करणाऱ्या मुलीला मानधन द्यायचं, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात द्यायचं. बसभाडं आणि मोबाइलचा रिचार्ज त्याच्या वर.

हे बैठकीत बोललं की आमच्याच क्षेत्रातले जुने लोक नाराज होतात. ‘पैसे दिले की सेवाभाव मरतो.’ मला एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून पगार मिळतो. त्यानं माझा सेवाभाव मेला असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही. मग मरतो तो नेमका वस्तीवरच्या मुलीचाच कसा? अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली, आशा २००५ नंतर आल्या. दोघींनाही कर्मचारी न म्हणता ‘मानसेवी’, ‘स्वयंसेविका’ अशी नावं दिली. नाव मानाचं, पैसा मनाला येईल तेवढा. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना ग्रॅच्युइटी आणि मानधनवाढीसाठी बेमुदत संपावर जावं लागलं. तो जवळजवळ पन्नास दिवस चालला. पन्नास वर्षं आपण या बायकांकडून सेवाभावाची वसुली करतो आहोत. आता त्यांच्या पोरींकडून करायची का?

दुसरा आक्षेप येतो तो असा: ‘ती उद्या लग्न करून जाईल, मग तुमचा पैसा वाया.’ हे मुलीच्या शाळेच्या फीबद्दलही म्हटलं जायचं, अजूनही म्हटलं जातं. शिकवण्याची सवय झालेली बाई सासरच्या गावी गेली तर त्या गावाचा तोटा होतो का फायदा, तेवढं सांगा.

पैशाचं एक वेळ जमेल. त्याहून अवघड गोष्ट आहे ती धोक्याची, आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं कुणावर आहे? २००६ च्या कायद्याखाली आपल्या राज्यानं गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंध अधिकारी केलं, अंगणवाडी सेविकेला त्याची सहायक. प्रत्यक्षात कळवतं कोण? वर्गातली पोर शाळेत येईनाशी झाली, घरी पाहुणे येऊन गेले, साडी-चोळीची खरेदी झाली, हे या मुलीला सगळ्यांच्या आधी कळतं. ती १०९८ ला फोन करते. नाव गुप्त ठेवतात, बरोबर आहे. पण ऐंशी उंबऱ्यांत कसलं आलंय गुप्त! दुसऱ्या दिवशी पोरीचा चुलता हिच्या दारात उभा राहून आईबहिणीवरून शिव्या देतो. पाणवठ्यावर बायका तोंड फिरवतात. ‘हिचं कुठं जमतंय ते बघू आता,’ असंही ऐकवतात. पोलीस येऊन जातात, अधिकारी सही घेऊन जातात, आम्ही संस्थेचे लोक पाचच्या एस.टी.नं तालुक्याला जातो. ती तिथंच असते. एकदा ती मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही सगळे माझं कौतुक करता, पण रात्री आमच्या अंगणात कुणी नसतं.’

म्हणून लग्न थांबवलं त्या रात्री कार्यकर्तीनं बस पकडायची नाही. त्याच वस्तीवर, शक्य तर पोरीच्या चुलत्याच्याच गल्लीत, मुक्काम करायचा आणि सकाळी त्याच्याकडे चहाला जायचं. माझा अनुभव असा की पहिल्या दिवशी शिव्या देणारा माणूस तिसऱ्या दिवशी उचलीचं रडगाणं सांगायला लागतो. तक्रार गावातल्या मुलीच्या तोंडून न जाता लेखी, संस्थेच्या किंवा शाळेच्या नावानं जायला हवी. आणि एका वस्तीवर एकटी मुलगी कधीही उभी करायची नाही. किमान दोघी हव्यात.

मुलग्यांना यात खलनायक करायचं मला कारण नाही. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी ही पोरं. त्यातली बरीचशी शेवटी कोयताच हातात घेतात. मंडळातली दोन मुलं वर्गाचे दिवे, सतरंज्या बघतात. मात्र समाजमंदिराची किल्ली मंडळाकडे आहे. संध्याकाळी आत कॅरम चालू असला की वर्ग ओट्यावर भरतो, थंडीतसुद्धा. भरतीत महिलांना ८०० मीटर धावायचं असतं. वस्तीवरच्या तिघींना भरतीला जायचं आहे, आणि त्यांना अंधारात रस्त्यावर धावू देत नाहीत. मुलग्यांनी आपल्या धावण्याची वेळ अर्धा तास पुढे सरकवून त्यांना सोबत घेतलं तर ती मोठी समाजसेवा होईल. वर्गणीही लागणार नाही.

पैसा कुठून आणायचा, असं विचाराल. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. छोट्या ग्रामपंचायतीत ती रक्कम फार नसते, तिच्यावर दोन मुलींचं वर्षाचं मानधन निघेलच असं नाही. उरलेलं संस्थेनं घालावं. पण ग्रामपंचायतीचे थोडे तरी पैसे त्यात हवेत, नाहीतर काम ‘त्या संस्थेवाल्या बाईचं’ राहतं. आजवर त्या दहा टक्क्यांतून काय घेतलं हे विचारायला महिला ग्रामसभा आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते. कित्येक गावांत ती रजिस्टरमध्येच होते. घरोघर हिंडून सह्या आणतात. ती खरोखर भरवायची, दहा जणींना घेऊन जायचं आणि दोन ठराव मांडायचे: मानधन आणि किल्ली. आमच्या वस्तीवर बायकांनी ग्रामपंचायतीला तसं पत्र दिलं आहे. पत्राची पोच मिळाली आहे, सभेची तारीख मिळालेली नाही. हंगाम चालू असल्यानं निम्म्या बायका तोडीवर आहेत, त्या परतल्या की तारखेसाठी पुन्हा जाऊ.

तोवर एक अडचण आहेच. या मुलीची बी.ए.ची परीक्षा जवळ येते आहे. त्या महिन्यात वर्ग कोण घेणार, ते ठरायचं आहे.