गोदामात पाय फोर्कलिफ्टखाली अन् हजेरीवर नावच नाही!

भिवंडी : भातकापणी उरकली की शहापूर, मुरबाड, वाडा भागातली पोरं भिवंडीच्या गोदामांची वाट धरतात. मानकोली, दापोडे, पडघा, जिथं शेतं होती तिथं आता पत्र्याच्या शेड आहेत. रोज किती मिळतो हे घरचे विचारतात. आत फोर्कलिफ्ट कोण चालवतो, हे कुणी विचारत नाही.

ट्रॅक्टर येतो म्हणजे फोर्कलिफ्टही येणार, असं धरून चावी हातात दिली जाते. इथंच घोळ होतो. ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. वळताना तिचं मागचं धूड बाजूला फिरतं आणि शेजारी उभा असलेला हमाल रॅकला चेपला जातो. तीन टन उचलणाऱ्या मशीनचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर असतं; पायावरून गेली की पाय वाचणं मुश्किल. समोर उंच माल असला तर ड्रायव्हरला पुढचं दिसतच नाही, तेव्हा रिव्हर्समध्येच चालवायची असते. माल वर उचलून वळवली तर ती कलंडते. अशा वेळी उडी मारणारा तिच्याच छपराखाली सापडतो. पट्टा लावून आत बसून राहणारा बहुतेक वाचतो. वरच्या रॅकवरचा खोका काढायला माणसाला पॅलेटवर चढवून उचलतात, तो तर निव्वळ जिवाशी खेळ.

खरी फरफट मात्र अपघातानंतर. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा’ असं गोदामवाला म्हणतो. ठेकेदार चार-पाच हजार हातावर ठेवतो आणि फोन उचलत नाही. कायदा असं म्हणत नाही. माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाईसाठी मूळ मालकाला धरता येतं. १९२३ च्या भरपाई कायद्यातही हेच होतं. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जात असेल तर कामावरच्या दुखापतीत उपचार मिळतात, शिवाय बसून राहिलेल्या दिवसांचा ९० टक्के पगार. कामाचा पहिलाच दिवस असला तरी.

पण तो माणूस तिथं कामाला होता, हे दाखवायचं कशावरून? गेटपासचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचा हजेरीचा मेसेज, फोनवर आलेली मजुरी, हे सगळं जपलं तर उपयोगी पडतं. दवाखान्याच्या कागदावर ‘घरी पडला’ असं लिहून घेतलं की प्रकरण तिथंच लुळं पडतं.

दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. गोदामातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र इतके दिवस राहत नाही. ते जपून ठेवा, असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा लागतो.