देव नावाने हाक मारतो, माणसे जात विचारतात

नावात काय असते, असा प्रश्न ज्यांना नावासाठी कधी लढावे लागले नाही तेच विचारतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झुंजलेल्या, त्यापायी आपली घरे जळताना पाहिलेल्या समाजाला हा प्रश्न पडत नाही. म्हणूनच ख्रिस्ती धर्मात नावाला काय मोल आहे हे आपण समजून घेतले पाहिजे, आणि ख्रिस्ती समाज त्या मोलाला जागला का, हेही विचारले पाहिजे.

बायबलमध्ये देव अब्रामाला अब्राहाम करतो, येशू शिमोनाला पेत्र म्हणजे खडक म्हणतो. नवे नाव म्हणजे नवे आयुष्य, नवी जबाबदारी. पण हा मान केवळ मोठ्यांनाच मिळतो असे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात हागार नावाची एक मिसरी गुलाम स्त्री आहे. अब्राम आणि साराय तिला 'दासी' म्हणतात. तिचे नाव त्यांच्या तोंडी एकदाही येत नाही. छळाला कंटाळून ती रानात पळते, तेव्हा देवाचा दूत तिला नावाने हाक मारतो. त्यावर ही गुलाम स्त्री देवालाच नाव देते : 'पाहणारा देव'. दूत तिला पुन्हा मालकिणीकडे पाठवतो, हेही खरे. तो प्रश्न शिल्लक राहतोच.

येशूच्या दाखल्यांतील माणसांना सहसा नावे नसतात. पेरणारा, मेंढपाळ, उधळा मुलगा, एवढीच त्यांची ओळख. मात्र लूकच्या सोळाव्या अध्यायात फोडांनी भरलेल्या, दारात पडलेल्या भिकाऱ्याला नाव आहे : लाजर. आत रोज मेजवानी झोडणारा श्रीमंत मात्र बिननावाचा! आपल्याकडे वाड्याचे नाव गावभर आणि उंबऱ्याबाहेरचा माणूस नुसता 'ए' किंवा 'अरे'. येशूने हा हिशेबच उलटा केला.

त्याच्या अनुयायांनी काय केले? अमेरिकेतील ख्रिस्ती म्हणवणाऱ्या मालकांनी गुलामांची आफ्रिकी नावे पुसली आणि आपली नावे लादली. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या, अनेकदा विकल्या गेलेल्या इझाबेलाने १८२६ मध्ये मालकाचे घर सोडले. १८४३ मध्ये, देवानेच आपल्याला बोलावले आहे या श्रद्धेने, तिने स्वतःचे नाव सोजर्नर ट्रुथ ठेवले. सोजर्नर म्हणजे प्रवासी, ट्रुथ म्हणजे सत्य. पुढे ती गावोगाव गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. मालकाच्या धर्मातूनच तिने मालकाचा शिक्का पुसला.

आता आपल्याकडे पाहू. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात कितीतरी अस्पृश्य कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. मुले योहान झाली, मार्था झाल्या. पाद्री त्यांना नावाने हाक मारू लागला, ही लहान गोष्ट नव्हती. पण गावाने विचारायचे ते आडनावच विचारले. देशात काही ठिकाणी तर दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळी दफनभूमी दाखवली गेली. ज्याला देव नावाने ओळखतो असे चर्च सांगते, त्याला चर्चच्याच कुंपणाने जातीने ओळखावे, हा कोणता धर्म?

आणि शासन? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. परिणाम असा की कित्येक माणसे दोन नावे घेऊन जगतात : एक चर्चच्या नोंदवहीत, दुसरे दाखल्यावर. सवलतीसाठी खरे नाव लपवावे लागणे, हा त्या माणसाचा लबाडपणा नव्हे. समाज जात सोडत नाही आणि कायदा ती मान्य करत नाही, या दोहोंच्या कात्रीत तो सापडला आहे.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव बदलते, यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी आधी दफनभूमीतली भिंत पाडावी. लाजराचे नाव घ्यायचे आणि लाजराला दारातच बसवायचे, हे चालणार नाही.