हातांवरच्या शिरा आणि अंगातलं रक्त

हातांवर शिरा दिसू लागल्या की शेजारीण हटकून म्हणते, "अगं, रक्त कमी झालंय तुझं!" लगेच बिटाचा रस सुरू होतो, नाहीतर टॉनिकची बाटली घरात येते. पण मैत्रिणींनो, शिरांवरून रक्ताचा अंदाज बांधता येत नाही.

घरच्या घरी करून पाहा. एक हात दोन मिनिटं खाली सोडून उभ्या राहा. शिरा टरारून फुगतील. आता तोच हात डोक्यावर धरा, थोड्याच वेळात त्या बसतील. अंगातलं रक्त तेवढंच. हृदयाकडे परत जाताना आधी त्याला चढ होता, आता उतार मिळाला. गरम पाण्यात भांडी घासताना किंवा उन्हाळ्यात शिरा रुंदावतात, म्हणून तेव्हा जास्त दिसतात. गरोदरपणात तर रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, म्हणून शिरा ठळक होतात. म्हणजे शेजारणीच्या अगदी उलट!

चाळिशीनंतरचं कारण निराळं. तळहाताच्या मागच्या बाजूला कातडीखाली चरबी मुळातच बेताची. वयाबरोबर तीही झडते, कातडी पातळ होते आणि शिरा वर आल्यासारख्या वाटतात. वजन उतरलं तरी तसंच. रात्री हातांना खोबरेल तेल जरूर लावा, साबण-सोड्यानं रखरखीत झालेली कातडी मऊ होईल; शिरा मात्र जाणार नाहीत. त्या लपवायला पदराखाली हात धरण्याचंही काही कारण नाही.

रक्ताची शंका खरोखर असेल, म्हणजे जिना चढताना धाप लागते, सारखा थकवा येतो, पाळीत अंगावरून फार जातं, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. साधी तपासणी आहे. बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली नसावं, गरोदरपणात ११ च्या. कमी निघालं तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर मग माझं, असं म्हणत ही तपासणी वर्षानुवर्षं मागे पडते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि एखादी शीर दोरीसारखी कडक, लाल, दुखरी झाली (सलाईन लावल्यानंतर असं होऊ शकतं) किंवा एकच हात अचानक सुजला, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.